विसरण्याची अट

दुसऱ्या महायुद्धानंतर १९७३पर्यंत अमेरिकेत लाखो अविवाहित मातांची मुले दत्तक गेली. पुष्कळ मुलींना प्रसूतीपर्यंत दूरच्या आश्रमांत ठेवले जाई. बाळ सोपवल्यावर उपदेश ठरलेला : विसर, लग्न कर, पुढे मुले होतीलच. गुप्ततेचा सारा खटाटोप या भावी लग्नासाठीच होता आणि आमच्या मते खरी शोकांतिका येथेच आहे. लग्नाखातर पत्करलेले मौन लग्नातच बिऱ्हाड करून राहिले. पतीला सांगावे तर अव्हेराचे भय. न सांगावे तर जवळिकीच्या प्रत्येक क्षणी पहारा. काहींनी पुढे त्या बाळाच्या पित्याशीच विवाह केला. तेथे लपवण्यासारखे काही नव्हते, तरी विषय निघत नसे.

१९८४मध्ये डेकिन, कॅम्पबेल व पॅटी यांनी ३३४ जन्मदात्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विवाह, अपत्यप्राप्ती, संगोपन या तिन्हींवर त्यांना या वियोगाची छाया दिसली. (कॅम्पबेल स्वतः जन्मदात्री, हे वाचताना ध्यानी असावे.) ॲन फेस्लर यांनी 'द गर्ल्स हू वेंट अवे' (२००६) या ग्रंथासाठी शंभराहून अधिक स्त्रियांना बोलते केले. आकड्यांना न सापडलेले दांपत्यजीवन त्या निवेदनांत आहे. कित्येकींनी ही गोष्ट तोपर्यंत घरातही उच्चारली नव्हती.