भिंतीवाचूनचा तुरुंग: स्वतंत्रपूर



शिक्षा संपते म्हणजे नेमके काय होते? तुरुंगाचा दिंडी दरवाजा उघडतो, जमा करून घेतलेले कपडे आणि चारदोन वस्तू हाती येतात, नि माणूस रस्त्यावर उभा राहतो. कायद्याचे देणे त्याने फेडलेले असते. पण गावच्या वेशीवर उतरला, की दुसरी शिक्षा सुरू होते आणि तिला मुदत नसते. घर पडलेले, जमीन भाऊबंदांच्या ताब्यात, कामाला कोणी बोलवत नाही. मग हा माणूस जाणार कुठे? ज्यांनी त्याला पूर्वी वाईट वाटेला लावले, त्यांचे दार तेवढे उघडे असते.

हा प्रश्न सरकारदरबारी नवा नाही. 1919–20 साली अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील तुरुंगांची पाहणी झाली. कैद्याला नुसती जरब बसवून भागत नाही, त्याला सुधारून समाजात परत आणणे हाच तुरुंगाचा हेतू असला पाहिजे, असे त्या समितीने सांगितले. सुटलेल्या कैद्यांना मदत हवी, हेही सांगितले. कागदावर उतरलेली ही गोष्ट प्रत्यक्षात आणून दाखवली ती मात्र आपल्याच मुलखातल्या एका लहानशा संस्थानाने.

ते संस्थान औंध. राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे आणि चित्रकलेचे जाणकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. 1939 साली त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्या राज्यघटनेला गांधीजींचे मार्गदर्शन होते. राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्याबरोबर या कामात मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनियर होते. बंगळूरची नोकरी बाजूला ठेवून ते खेड्यांच्या कामात शिरले होते. स्वामी भारतानंद हे त्यांचे दुसरे नाव. ज्या राज्यात गावकऱ्यांवर कारभार सोपवायचा, तिथे कैद्यावर तरी विश्वास का टाकू नये, असा सरळ विचार या मंडळींनी केला.

आटपाडीजवळच्या माळावर वसाहत उभी राहिली. नाव ठेवले स्वतंत्रपूर. आटपाडी म्हणजे माणदेश. पाऊस बेभरवशाचा, जमीन बरड. तिथे निवडक कैदी आणून ठेवले, त्यांत खुनाची शिक्षा झालेलेही होते. भोवती उंच भिंत नाही, पायांत बेडी नाही. राहायला घर, कसायला जमीन, आणि मुख्य म्हणजे बायकामुले जवळ! हे वैशिष्ट्य फार महत्त्वाचे आहे. एकटा माणूस पळून जाईल, पण रात्री ज्याची भाकरी चुलीवर आहे आणि ज्याचे पोर शाळेत जाते, तो कशासाठी पळेल? पहारेकऱ्याचे काम इथे संसारानेच केले.

1948 साली औंध संस्थान विलीन झाले. संस्थानाबरोबर त्याचे प्रयोगही बुडतील असे कोणालाही वाटले असते. पण स्वतंत्रपूर टिकले आणि पुढे सरकारच्या तुरुंग खात्याने ते चालवले. आटपाडी तालुक्यातल्याच शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगाच्या आधारे कथा लिहिली. तिच्यावर व्ही. शांताराम यांनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. पुढे 1963 साली राजस्थानात सांगानेरलाही कैद्यांनी कुटुंबासह राहायची खुली वसाहत सुरू झाली.

तरीसुद्धा एक गाठ सुटायची राहते. खुल्या वसाहतीत कैद्याला घर मिळते ते शिक्षेच्या काळात. शिक्षा संपली की ते सोडावे लागते. म्हणजे ज्या दिवशी तो खराखुरा मोकळा होतो, त्याच दिवशी छप्पर जाते. सुटकेनंतरच्या सांभाळाचा विचार करण्यासाठी 1954 साली डॉ. म. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुटलेल्या माणसाला काही काळ निवारा, काम आणि सल्ला देणारी व्यवस्था हवी, हा तिचा रोख होता. तशी व्यवस्था आजही गरजेच्या मानाने तोकडी आहे.

आणखी एक बाजू औषधपाण्याची. कित्येकांच्या हातून गुन्हा घडतो तो दारूच्या नशेत किंवा मन ठिकाणावर नसताना. तुरुंगात दारू तुटते, पण तिची ओढ तुटतेच असे नाही. बाहेर पडल्यावर पहिल्याच आठवड्यात पाय जुन्या गुत्त्याकडे वळतात. व्यसन हा आजार आहे, त्यावर इलाज करता येतो, हे 1986 साली पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने महाराष्ट्राला पटवून दिले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मनोरुग्णांवर उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. मात्र इलाज आणि निवारा हातात हात घालून चालले पाहिजेत. ज्याला आज रात्री कुठे निजायचे हे ठाऊक नाही, तो गोळ्या वेळेवर कशा घेणार? आणि ज्याची दारू सुटली नाही, त्याला दिलेले घर किती दिवस टिकणार?

कोणी म्हणेल, ज्याच्या घरचा माणूस मारला गेला, त्याच्या दुःखाचे काय? प्रश्न रास्त आहे. ते दुःख कोणी विसरावे असे नाही. पण सुटलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळला, तर आणखी एका घरात तेच दुःख शिरते. त्याला पायावर उभे करणे हे गावाच्या सुरक्षिततेचेच काम आहे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना विनंती, की अशा माणसाचे मूल वर्गात असेल तर बापाच्या नावाने त्याला कोणी हिणवणार नाही एवढे पाहावे. आणि गावकरी मंडळींनी सुगीला मजूर लावताना त्यालाही हाक मारावी. औंधच्या राजाने माळावरची जमीन दिली. आपल्याला एका दिवसाचे काम देता येईल. सुरुवातीला तेवढेही पुरे.