शेगाव कचोरी

शेगाव कचोरी हा महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव या तालुक्याच्या गावी उगम पावलेला तळलेला खाद्यपदार्थ आहे. मैद्याच्या पारीत डाळीचे तिखट व कोरडे सारण भरून ही कचोरी तयार करतात. रेल्वे स्थानकावर सुरू झालेला हा साधा, स्वस्त पदार्थ पुढे गावाच्या नावानेच ओळखला जाऊ लागला.

इतिहास

शेगाव हे मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातील स्थानक असून ते मुंबई–नागपूर–हावडा या लोहमार्गावर आहे. भारताच्या फाळणीनंतर पंजाबातून आलेले तीरथराम करमचंद शर्मा यांनी 1950 च्या सुमारास शेगाव रेल्वे स्थानकावर कचोरीची विक्री सुरू केली. गाडी स्थानकात थोडाच वेळ थांबत असल्याने प्रवाशाला चटकन घेता येईल आणि ताट-वाटीशिवाय हातात धरून खाता येईल, असा हा पदार्थ होता. शर्मा कुटुंबाच्या पुढील पिढ्यांनी हा व्यवसाय चालू ठेवला.

संत गजानन महाराज यांच्या समाधीमुळे शेगाव हे विदर्भातील प्रमुख तीर्थक्षेत्र आहे. महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगाव येथे प्रकट झाले आणि 8 सप्टेंबर 1910 रोजी त्यांनी समाधी घेतली, असे मानले जाते. माघ वद्य सप्तमीचा प्रकटदिन, रामनवमी इत्यादी प्रसंगी येथे भाविकांची मोठी गर्दी होते. दर्शनाहून परतणारे भाविक घरच्यांसाठी कचोरी बांधून नेतात. रेल्वे प्रवासी आणि भाविक या दोहोंमुळे पदार्थाची कीर्ती जिल्ह्याबाहेर पसरली.

घटक व कृती

पारीसाठी मैद्यात मीठ व तेलाचे मोहन घालून पीठ मळतात आणि काही वेळ झाकून ठेवतात. सारणासाठी मूगडाळ किंवा बेसन वापरतात. त्यात हिरवी मिरची, आले, लसूण, जिरे, बडीशेप, धने, हिंग, हळद व मीठ घालून ते तेलावर परततात. सारणातील ओलावा कमी होणे महत्त्वाचे असते. ते ओलसर राहिल्यास पारी मऊ पडते व कचोरी लवकर खराब होते. पिठाच्या गोळ्यात सारण भरून तोंड बंद करतात, गोळा हलक्या हाताने चपटा करतात व मंद ते मध्यम आचेवर तळतात. तेल फार तापलेले असल्यास कचोरी वरून लाल होते, मात्र आतील पारी कच्ची राहते.

जोधपूरची प्याज कचोरी कांद्याच्या ओलसर सारणामुळे ताजीच खावी लागते. त्या तुलनेत शेगाव कचोरी अधिक टिकते, त्यामुळे ती प्रवासात सोबत नेण्यास सोयीची ठरते.

खाण्याची पद्धत

कचोरीबरोबर मीठ लावलेल्या तळलेल्या हिरव्या मिरच्या देण्याची प्रथा आहे. काही ठिकाणी चिंचेची चटणीही देतात. ती कागदावर घेऊन उभ्या-उभ्या खाल्ली जाते आणि सोबत बहुधा चहा असतो. सकाळच्या न्याहारीपासून रात्रीच्या गाडीपर्यंत कोणत्याही वेळी ती खाल्ली जाते.

प्रसार

विदर्भातील अनेक गावांत, तसेच मुंबई व पुणे यांसारख्या शहरांत ‘शेगाव कचोरी’ या नावाने विक्री करणारी दुकाने आढळतात. ही सर्वच दुकाने मूळ व्यवसायाशी संबंधित नाहीत. त्यामुळे आकार, सारण व तिखटपणा यांत ठिकाणानुसार फरक दिसतो. या प्रसारामुळे ‘शेगाव कचोरी’ हे नाव एका दुकानापुरते न राहता कचोरीच्या एका प्रकाराचे नाव म्हणून रूढ झाले आहे.