रांगेतला माणूस

झुंबाचा जन्म कोलंबियातल्या काली शहरचा, १९९०च्या दशकातला. बेटो पेरेझ एरोबिक्सच्या गाण्यांची टेप घरी विसरले आणि जवळच्या सालसा-मेरेंगेवर त्यांनी वर्ग निभावला, असे तेच सांगतात. जळगावच्या वर्गात ही हकीकत ऐकून आमचे धुळ्याचे साडू म्हणाले, "म्हणजे पैसे भरून लेझीमच की!"

खोटे नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी कसरती दाखवल्या. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनात लेझीम खणखणली. आमची मात्र शाळा सुटताच खुंटीला गेली. पुढे भरीत वाढले, घेर वाढला, मग साखर.

घरी एकटे दमलो की बसतो. रांगेत बसायची लाज वाटते. औषध आहे ते त्या लाजेत. ताल कोलंबियाचा की खानदेशाचा, गुडघ्यांना काय त्याचे!