नान-खलिया, तुघलक आणि मिरचीचा घोळ

थंडीतला रविवार, घरी पाहुणे, मग शहागंजच्या आसपास बऱ्याच घरांत बेत ठरलेला: खलिया घरी, नान बाजारातून. घरात तंदूर कुणाकडे असतो? मटण मंद आचेवर शिजत राहतं, वर लाल तर्री येते, आणि गप्पा संपता संपत नाहीत.

याची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. फौजेचं पोट भरायला भट्ट्या पेटल्या आणि नान-खलिया जन्मला. भारी गोष्ट! पण त्या लाल तर्रीचं काय करायचं? मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली सोळाव्या शतकात. तुघलकाच्या शिपायानं ती पाहिलेलीही नसणार. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’तही कलिया आहे, पण त्यात तूप, कांदा आणि तिखटाला काळी मिरी. आणि आपलं शहर? मलिक अंबरनं खडकी वसवली तीच १६१० मध्ये.

मग गोष्ट खोटी का? मला नाही तसं वाटत. शेकडो माणसांना एकदम जेवू घालायचा हा पदार्थ, आजही लग्नात याच्याच डेगा चढतात. त्यामुळे फौजेची आठवण त्याला चिकटली, यात नवल नाही. फक्त आज पातेल्यात दिसतो तो लाल रंग सुलतानाचा नाही. तो नंतर, इथल्याच चुलींवर चढला.