मुंबईचीं स्वस्त चित्रें आणि तरुण चित्रकार

चित्र ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील वस्तु, अशी एक समजूत सुशिक्षित कुटुंबांत फार दिवस चालत आली आहे. पुस्तक विकत घ्यावें, नाटकाचें तिकीट काढावें, गाण्याच्या बैठकीस जावें; चित्र मात्र नुसतें पाहून यावें, तें घेण्याचें धाडस करूं नये, असा मध्यमवर्गाचा शिरस्ताच पडून गेला. मुंबई शहराच्या कलेचा इतिहास पाहिला असतां ही समजूत टिकत नाहीं. या शहरांत तरुण चित्रकारांनीं जें कांहीं नवें केलें, त्याला थोडक्या किंमतीचें चित्र आणि तें घेणारा साधा रसिक यांचा आधार होता.

प्रारंभ शाळेपासून झाला. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगींतून इ. स. १८५७ मध्यें मुंबईंत कलाशाळा निघाली. चित्र काढावयास शिकलेले तरुण तेथून बाहेर पडूं लागले, परंतु त्यांचीं चित्रें घेणार कोण, हा प्रश्न शाळेनें सुटण्यासारखा नव्हता. इ. स. १८८८ मध्यें बाँबे आर्ट सोसायटी स्थापन झाली व तिचीं प्रदर्शनें भरूं लागलीं. तेथें पदकें मिळत, वर्तमानपत्रांत नांव येई. पण पदकानें खोलीचें भाडें भागत नाहीं. संस्थानिक, गोरे अधिकारी आणि मोजके धनिक एवढ्यांवर चित्रकारांची सारी मदार असे.

सामान्य घराचें दार प्रथम ठोठावलें तें छापील चित्रानें. राजा रविवर्मा यांनीं इ. स. १८९४ मध्यें गिरगांवांत छापखाना काढला. पुढें तो मळवलीस गेला. प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड तयार करून एकावर एक रंग छापीत, आणि राजवाड्यांत शोभणारी लक्ष्मी किंवा सरस्वती अशा रीतीनें चाळींतील देवघरांत येऊन बसली. भिंतीवर चित्र असावें, ही आवड या छापखान्यानें घरोघर लावली, हा त्याचा मोठाच उपकार होय. परंतु त्याला दुसरी बाजूहि होती. एका चित्राच्या हजारों प्रती निघाल्यावर पैसा छापणाऱ्याकडे आणि विकणाऱ्याकडे गेला. नवशिक्या चित्रकाराच्या वांट्याला त्यांतून कांहीं आलें नाहीं. कलकत्त्यास तर याहून वाईट घडलें. कालीघाटच्या देवळाभोवतीं पटुआ लोक हातानें रंगविलेलीं चित्रें यात्रेकरूंना अगदीं थोड्या पैशांत विकीत. स्वस्त छापील चित्रांचा पूर आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांचा धंदा बसला. तेव्हां नुसती स्वस्ताई कलेला पुरेशी नाहीं. थोड्या किंमतीचें कां होईना, पण चित्रकाराच्या स्वतःच्या हातचें चित्र विकलें जावें लागतें. तरच त्याचा हात पुढें चालतो.

ही गोष्ट मुंबईंत घडूं लागली ती इ. स. १९४० नंतर. त्या काळचे तरुण कसे जगत होते तें पाहण्यासारखें आहे. पंढरपुरास जन्मलेले हुसेन सिनेमाच्या जाहिरातींचे अवाढव्य फलक रंगवीत आणि मुलांच्या खेळण्यांचे नमुने तयार करीत. रझा ठसे करणाऱ्या एका कारखान्यांत काम करीत. गोव्याचे सूझा चळवळींत पडल्यामुळें इ. स. १९४५ मध्यें कलाशाळेंतून काढले गेले होते. हैदराबादकडून लहानपणींच आलेले आरा यांनीं तर घरगडी म्हणून आणि मोटारी धुऊन पोट भरलें होतें. गाडे, बाक्रे आणि हे चौघे मिळून इ. स. १९४७ मध्यें प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. यांच्यापैकीं एकाच्याहि पाठीशीं संस्थानिक नव्हता.

त्यांना हात दिला तो अनपेक्षित माणसांनीं. हिटलरच्या जुलमामुळें युरोप सोडून मुंबईस आलेले लँगहॅमर, फॉन लायडन आणि श्लेसिंजर हे तिघे त्यांत प्रमुख होते. पहिला चित्रकार, दुसरा टीकाकार आणि तिसरा संग्राहक. यांनीं नुसती वाहवा केली नाहीं. चित्रें पाहिलीं, त्यांवर लिहिलें आणि विकतहि घेतलीं. दुसरें साह्य चौकटींच्या दुकानाचें. केकू गांधी यांनीं इ. स. १९४१ मध्यें केमोल्ड फ्रेम्स हा व्यवसाय सुरू केला व दुकानांत या तरुणांचीं चित्रें मांडावयास प्रारंभ केला. चौकट घ्यावयास आलेल्या गिऱ्हाइकाची नजर तिच्या आंतील चित्रावर जाई, आणि कधीं कधीं चौकटीबरोबर चित्रहि घरीं जाई. कलेच्या प्रसाराचा याहून साधा मार्ग क्वचितच सांपडेल.

अडचण राहिली होती ती जागेची. तीहि इ. स. १९५२ मध्यें दूर झाली. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगींतून उभारलेलें जहांगीर कलादालन त्या वर्षीं २१ जानेवारीस उघडलें. चित्रकारानें दालन भाड्यानें घ्यावें, स्वतः चित्रें टांगावीं, येईल त्याच्याशीं बोलावें आणि घेईल त्याला विकावें, असा हा व्यवहार. सरकारी ओळख नको, मध्यस्थ नको. त्याच सुमारास डॉ. होमी भाभा यांनीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठीं तरुण चित्रकारांचीं चित्रें घ्यावयास आरंभ केला. इमारतीच्या खर्चांतील शेंकडा एक भाग कलेसाठीं ठेवण्याची परवानगी त्यांनीं पंडित नेहरूंकडून मिळविली होती. आरा यांनींहि आपली जुनी ओढाताण विसरली नाहीं. आर्टिस्ट्स सेंटरच्या कारभारांत अनेक वर्षें राहून त्यांनीं नवशिक्यांना वाट करून दिली.

ही परंपरा अद्याप खंडित झालेली नाहीं. जहांगीर दालनाबाहेरील पदपथावर चित्रकार आपलीं चित्रें मांडून बसतात; पावसाळ्यांत कलाशाळांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचें प्रदर्शन दालनांत भरतें; इ. स. १९९९ पासून त्याच काळा घोडा भागांत कलेचा मोठा उत्सव होऊं लागला.

मात्र आतां चित्रांच्या किंमती आकाशाला भिडल्या आहेत. हुसेन यांचें १९५४ सालचें ‘ग्रामयात्रा’ हें चित्र मार्च २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या लिलावांत १ कोटी ३७ लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. या आंकड्यानें सामान्य रसिक भिऊन मागें सरला, तर तें मोठें नुकसान होईल. कारण लिलावांतील पैसा चित्रकाराच्या उमेदीच्या वर्षांत त्याच्या हातीं पडत नाहीं. तेव्हां उपयोगी पडतो तो पहिल्या गिऱ्हाइकाचा थोडासा पैसा. त्या पैशानें रंग येतात, कापड येतें, आणि आपलें काम कोणाला तरी हवें आहे हा विश्वास येतो. ज्या घरांत पुस्तकांसाठीं वर्षाकाठीं कांहीं रक्कम बाजूला पडते, त्या घरानें एखाद्या नवख्या तरुणाचें एक चित्र भिंतीवर लावलें, तर मुंबईच्या या इतिहासाचें पुढचें पान तेथेंच लिहिलें जाईल.