पळवणकर बाळू आणि अंगणातलं पान

बरेच दिवस ब्लॉगवर काही लिहिलं नव्हतं. डोळ्यांचं निमित्त होतं, शिवाय आळस होताच. पण गेल्या महिन्यात नात सुट्टीला आली आणि एका संध्याकाळी लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला इतिहास पण आवडतो आणि खेळ पण. मग हा बघा." चित्रपटाचं नाव '४२'. २०१३ सालचा आहे.

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. आमचा धाराशिव जिल्हा खो-खोचा, तिथे बेसबॉल कुठून येणार? पण गोष्ट कळायला खेळ कळावा लागत नाही. अमेरिकेत मोठ्या साखळी स्पर्धांमध्ये काळ्या खेळाडूंना घ्यायचं नाही असा अलिखित दंडक होता. त्यांच्या वेगळ्या स्पर्धा असत. ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या ब्रँच रिकी या कारभाऱ्याने ठरवलं की हे मोडायचं, आणि १५ एप्रिल १९४७ला जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला. पुढे शिवीगाळ झाली, धमक्या आल्या, आणि उलट उत्तर न देता त्याला खेळत राहावं लागलं. ४२ हा त्याचा क्रमांक. १९९७ साली तो सगळ्या संघांनी मिळून कायमचा निवृत्त केला. आता दरवर्षी १५ एप्रिलला सगळेच खेळाडू ४२ क्रमांकाचा सदरा घालतात.

चित्रपट संपल्यावर नात म्हणाली, "आपल्याकडे असं कोणी झालं नाही का हो?"

झालं की! आणि रॉबिन्सनच्या पन्नास वर्षं आधी झालं. इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण पळवणकर बाळू हे नाव मी एकाही वर्गात घेतलं नाही. कारण मलाच ते निवृत्तीनंतर कळलं. रामचंद्र गुहांचं क्रिकेटच्या इतिहासावरचं पुस्तक २००२ साली आलं. इंग्रजी पुस्तक, डिक्शनरी शेजारी घेऊन महिनाभर वाचलं. (बीए मराठी माध्यमातून केल्याचे परिणाम!)

बाळूंचा जन्म १८७६चा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातलं, जात चांभार. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे पोरं पुण्यात वाढली. बाळू आधी पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायला आणि रोलर फिरवायला होते, पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागले, तिथे ४ रुपये. जाळी लावायची, खेळपट्टी आखायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. डावखुरी, संथ फिरकी. ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज होता, तो म्हणे बाळूंनी बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा. म्हणजे आठ वेळा बाद केलं की महिन्याचा पगार सुटला. पण एवढी वर्षं चेंडू टाकून घेतले तरी एकाही साहेबाने कधी बाळूंच्या हातात बॅट दिली नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांनी 'लगान' (२००१) पाहिला असेल. त्यातला कचरा आठवतो? गोष्ट १८९३ची, म्हणजे बाळूंच्याच काळातली. पण तिथे कचऱ्याचा हात अधू आहे म्हणून चेंडू आपोआप वळतो. हे मला तेव्हाही खटकलं होतं, आता जास्तच खटकतं. बाळूंचा चेंडू हाताच्या व्यंगाने वळत नव्हता. उन्हातान्हात तासन् तास टाकून कमावलेली ती विद्या होती. शिवाय नायकाने एक भाषण केलं की सगळं गाव तयार! पुण्यात असं भाषण कोणी केलं नाही.

पुण्यात काय झालं ते बघा. शहरातल्या हिंदूंचा एक क्लब होता आणि त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. गोऱ्यांनाच रोज दांडी गुल करून दाखवणारा माणूस गावातच आहे, हे सगळ्यांना माहीत. पण चांभाराला संघात घ्यायचं कसं? क्लबातले तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, पुणेरी ब्राह्मण मंडळी नको म्हणत होती. शेवटी घेतलं. जातिभेद वाईट असं अचानक पटलं म्हणून नव्हे, जिंकायचं होतं म्हणून. ब्रँच रिकीलाही धंदा कळत होता, काळे प्रेक्षक तिकीट काढून येतील हा हिशेब त्याच्याकडे होताच, पण त्याने निदान निर्णय घेतला आणि त्याच्यामागे उभा राहिला. इथे निर्णय अर्धाच झाला. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सगळे हाताळत होते. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे मंडपात चिनी मातीच्या कपातून पीत, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या पानावर, वेगळ्या जागी.

इथे मला थोडं थांबावं लागतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नोकरीला नवा, भूम तालुक्यात. शाळेचा खो-खोचा संघ घेऊन शेजारच्या तालुक्यात गेलो होतो. आमच्यात एक पोरगा होता, आठवीतला, खांबावरून असा झेपावायचा की समोरच्याला कळायच्या आत गडी बाद. त्याच्या जिवावर आम्ही दोन सामने काढले. संध्याकाळी गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी दोन्ही संघांना जेवायला बोलावलं. ओसरीवर पंगत मांडली. कोणी काही बोललं नाही, आवाज चढवला नाही. फक्त त्या मुलाचं पान अंगणात, कडब्याच्या गंजीशेजारी मांडलेलं होतं. तो सरळ जाऊन तिथे बसला. त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

मी ओसरीवर बसलो होतो. मी जेवलो. वाढप्याने दुसऱ्यांदा शेंगदाण्याची आमटी वाढली, तीही घेतली. यजमानांचा मान, उद्या अंतिम सामना, पोरांसमोर तमाशा नको, अशी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. आमच्या घरीसुद्धा गोठ्याच्या देवळीत एक वेगळा कप असायचा, तो कोणासाठी हे लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणजे ते पान मला फार विचित्र वाटलं असंही म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी सामना आम्ही जिंकलो. त्या मुलाला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

हे मी आजवर घरात कोणाला सांगितलं नव्हतं. नातीला सांगितलं, तेव्हा ती काहीच बोलली नाही.

असो. बाळूंकडे वळतो. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना होता, तेव्हा बाळूंची फिरकी चालू नये म्हणून त्यांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला होता. तरी बाळूंनी सात बळी घेतले. पुण्यात परतल्यावर कौतुक झालं. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी जाहीरपणे केलं. पुढे ते मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, रेल्वेत नोकरी मिळाली. मुंबईने पुण्याच्या पुढे एक पाऊल टाकलं आणि जेवणाची पंगत एक केली. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. बाळूंचे त्यात आठ बळी. धाकटा भाऊ शिवरामही संघात होता. वंगभंगाच्या चळवळीचे दिवस, त्यामुळे या विजयाचा आनंद क्रिकेटपुरता राहिला नाही.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला. संघाने सपाटून मार खाल्ला, पण एकट्या बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. तेव्हा त्यांचं वय ३५, खांदाही दुखावलेला. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचं मानपत्र वीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी तयार केलं होतं, असं सांगतात.

एवढं सगळं होऊनही कर्णधारपद नाही. चौरंगी सामन्यांत हिंदूंचा कर्णधार ब्राह्मणच. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै स्वतःच जाहीरपणे म्हणाले की हा मान बाळूंचा होता. १९२०मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळलं, आणि पै आजारी म्हणून कर्णधारपद द्यायची वेळ आली तेव्हा तिसरे भाऊ विठ्ठल यांनाही डावलून प्रा. दि. ब. देवधरांना दिलं. (देवधर मोठे खेळाडू, याबद्दल वाद नाही.) त्यावर विठ्ठल आणि शिवराम यांनी लेखी निषेध करून संघ सोडला. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला खरा क्षण हा. मैदानावर चेंडू वळवणं निराळं आणि 'आम्ही खेळत नाही' म्हणणं निराळं. मग धावपळ झाली, पै परतले, बाळूंना उपकर्णधार केलं, भाऊ परत आले. अंतिम सामन्यात पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर जाऊन बसले, म्हणजे तेवढा वेळ बाळूंना संघ चालवता यावा. वय ४४. तेवढंच त्यांचं कर्णधारपद!

१९२३ला विठ्ठल कर्णधार झाले, हिंदू जिंकले आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. त्यात वरच्या जातीची पोरं होती.

याच्यापुढचा भाग चित्रपटात बसणार नाही. बाळू गांधीजींच्या बाजूचे राहिले. १९३२च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. येवल्याला १९३५ साली बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली, ती त्यांना पटली नाही. आणि १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उमेदवार कोण दिला? पळवणकर बाळू. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२४५च्या आसपास नव्हे, नेमकी ११,२२५. (आकडे पुन्हा तपासून लिहिलेत.) ज्याने मानपत्र लिहिलं तो आणि ज्याला वाहिलं तो, एकमेकांसमोर. नातीने विचारलं, "मग बरोबर कोण?" बाबासाहेब फेब्रुवारी १९४१मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले होते, तेव्हा इथे निजामाचं राज्य होतं. माझं मत विचाराल तर पंगतीत जागा मिळाली म्हणून समाधान मानू नका हे बाबासाहेबांचं सांगणं बरोबर होतं. पण बाळूंना मी दोष देणार नाही. ज्या माणसाने मातीच्या भांड्यापासून एकत्र पंगतीपर्यंतचा प्रवास स्वतः केला, त्याला ही माणसं बदलतील असं वाटलं तर त्यात नवल काय? नातीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, बदलायला त्यांना तीस वर्षं कशाला लागली.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी गेले.

जाता जाता एक विनंती. विठ्ठल पळवणकरांनी मराठीत आत्मचरित्र लिहिलं आहे, 'माझे क्रीडाजीवन', १९४८ सालचं. पुण्या-मुंबईच्या मंडळींपैकी कोणाला जुन्या ग्रंथालयात किंवा रद्दीच्या दुकानात दिसलं तर झेरॉक्स काढून पाठवा, पैसे लगेच पाठवतो. नातीला वाचून दाखवायचं आहे.