जामखेडचा हापसा आणि आपले आईवडील

अल मुंतझाच्या बागेत संध्याकाळी चक्कर मारताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. आपल्यात म्हातारी माणसं फारशी दिसत नाहीत. आपण इथे कमवायच्या वयात येतो आणि म्हातारपण काढायला गावी परततो. आपले आईवडील तर तिथेच आहेत. म्हणून आज गोष्ट जामखेडची.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, या दुष्काळी तालुक्यात आलं. त्यांच्या कामाच्या गावांत हजार बाळांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. औषधं द्यावीत, तर मूल बरं होऊन पुन्हा त्याच घाण पाण्याकडे आणि त्याच उपासमारीकडे जायचं. रोगाचं मूळ पाणी, भूक, जात आणि बाईचं दुय्यम स्थान यांत आहे, हे दोघांनी ओळखलं.

शिकलेल्या नर्सबाई खेड्यात टिकेनात. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या. बाळाचं वजन, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, सुरक्षित बाळंतपण, सगळं त्या शिकल्या. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्याच हाती गावानं बाळंतिणी सोपवल्या.

1972च्या दुष्काळात विंधनविहिरी खोदायची वेळ आली, तेव्हा आरोळ्यांनी हापसे मुद्दाम दलित वस्तीत बसवून घेतले. पाणी हवं असेल तर सगळ्या गावानं तिथंच यायचं. रोग आणि शिवाशीव, दोन्हींवर एकच हापसा!

1976 पर्यंत 176चा आकडा 52 वर आला. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मी आयटीवाला, एमबीए केलेला, त्यामुळे आधी खर्च मोजतो. पण या हिशेबात सर्वांत मोठी गुंतवणूक शेजारणीवरच्या विश्वासाची होती. इथेही पाहा: 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावर काम बंद. उन्हाचा झटका दवाखान्यात पोहोचण्याआधीच हा नियम त्याला अडवतो.

तेव्हा वाचलेली ती बाळं आज पन्नाशीत आहेत, आणि त्यांच्या आया म्हाताऱ्या झाल्या आहेत. आता प्रश्न बाळाच्या वजनाचा नाही, एकटेपणाचा आहे. आपण पैसे पाठवतो, तपासण्या करवतो. पण संध्याकाळी दारात कोण डोकावतं?

मंडळी, या शुक्रवारी घरी फोन कराल तेव्हा शुगर किती आहे ते विचाराच. मात्र आधी विचारा, "आई, आज कोण आलं होतं गं?" उत्तर "कुणीच नाही" असं आलं, तर पुढचा फोन शेजारच्या काकूंना लावा. भेटू पुढच्या भागात.